इसबाची खाज, त्वचेतलं टीएसएलपी आणि रोज रात्रीची सेटिरिझिन

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी ७ वर्षांची, तान्ही असल्यापासून इसब. कोपराच्या लवणीत आणि गुडघ्यांमागे चट्टे आहेत, रात्री खाजवून रक्त काढते. रोज झोपताना सेटिरिझिन देतो, पण फरक नाही. त्वचेत तयार होणाऱ्या एका हार्मोनमुळे ही खाज सुटते असं वाचनात आलं. ते रक्तात तपासता येईल का? आणि ते बंद करणारं औषध आहे का?

आधी सरळ उत्तर. रक्त तपासून काही हाती लागणार नाही. औषध आहे, पण इसबावर त्याचा प्रयोग झाला तेव्हा ते अपेक्षेइतकं चाललं नाही. मात्र तो पदार्थ त्वचेतून मुळात कमी सुटावा यासाठी घरी करण्यासारखं बरंच आहे, आणि ते सेटिरिझिनपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडतं.

तुम्ही वाचलेला पदार्थ बहुधा टीएसएलपी, म्हणजे थायमिक स्ट्रोमल लिंफोपॉयेटिन. थायरॉइड किंवा इन्सुलिनसारखा तो एखाद्या ग्रंथीतून येत नाही. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी, केराटिनोसाइट, दुखावल्या की तो बाहेर टाकतात. बहुतेक काम तो तिथल्या तिथेच करतो. तरी त्याला हार्मोनसारखा म्हणतात त्याला आधार आहे. २००९ मध्ये सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की त्वचेचं आवरण बिघडलेल्या उंदरांत हा पदार्थ रक्तात उतरतो आणि फुप्फुसं दम्याला जास्त संवेदनशील होतात. लहानपणी इसब आणि पुढे दमा, असं जे बऱ्याच घरांत दिसतं, त्याचा एक दुवा इथे असावा.

इसबाच्या त्वचेत टीएसएलपी भरपूर असतं हे २००२ पासून माहीत होतं. खाजेशी त्याचं थेट नातं २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात डायना बाउटिस्टा यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं. उंदराच्या गालात टीएसएलपी टोचलं की तो काही मिनिटांत खाजवू लागतो. लिंफोसाइट या प्रतिकारशक्तीच्या पेशी नसलेल्या उंदरांतही तेच घडलं. म्हणजे हा पदार्थ प्रतिकारशक्तीच्या वळणाने न जाता थेट मज्जातंतूंच्या टोकांना चेतवतो. त्या टोकांवर टीआरपीए१ नावाची वाहिनी असते, खाजेचा संदेश तिच्यातून सुरू होतो. या साऱ्या वाटेत हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीत खाज आणणारं नेहमीचं रसायन, कुठेच नाही.

सेटिरिझिन हिस्टामिनला अडवते. अंगावर पित्त उठतं, गांधी येतात, डास चावतो, तिथे खाज हिस्टामिनची असते आणि गोळी लागू पडते. इसबाची खाज मुख्यतः टीएसएलपी आणि इंटरल्यूकिन (पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ती प्रथिनं) ४, १३ व ३१ यांची. त्यामुळे डोस वाढवला किंवा ब्रँड बदलला तरी तुमच्या मुलीची खाज त्याने जाणार नाही. जुन्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्यांनी, म्हणजे हायड्रॉक्सिझिन वगैरेंनी, मूल झोपतं. खाज तशीच राहते, झोपेचा दर्जा बिघडतो आणि सकाळी शाळेत पेंग येते. सोबत सर्दी-शिंकांची ॲलर्जी किंवा अंगावर पित्त असेल तर सेटिरिझिनला जागा आहे. नसेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारून ती बंद करायला हरकत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट: पेशी टीएसएलपी का सोडतात. केराटिनोसाइटच्या पृष्ठभागावर पार-२ नावाचा रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा संदेश टिपणारं प्रथिन, असतो. प्रथिनं कापणारी एन्झाइम, म्हणजे प्रोटीएज, त्याला चालू करतात. तो चालू झाला की पेशीत कॅल्शियम शिरतं आणि टीएसएलपी तयार होऊन बाहेर पडतं. ही प्रोटीएज तीन वाटांनी येतात. पहिलं त्वचेचं स्वतःचं, कॅलिक्रीन-५. मेलेल्या पेशी सुट्या करणं हे त्याचं रोजचं काम. दुसरी वाट घरातल्या धुळीतल्या माइट या सूक्ष्म किड्यांच्या विष्ठेची. तिसरी इसबाच्या चट्ट्यांवर ठाण मांडून बसणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूची. या जंतूचं एक प्रोटीएज पेशींना वगळून थेट मज्जातंतूवरच्या पार-१ रिसेप्टरला चेतवतं आणि खाज आणतं, असं २०२३ मध्ये हार्वर्डमधल्या कामातून पुढे आलं.

कॅलिक्रीन-५ वर ताबा असतो तो त्वचेच्या आम्लतेचा. निरोगी त्वचेचा पीएच साधारण ४.५ ते ५.५. तेवढ्या आम्लतेत हे एन्झाइम मंद असतं. पीएच वर गेला की ते जोरात चालतं. आणि आपला नेहमीचा अंगाचा साबण पीएच ९ ते १० चा असतो. निरोगी कातडी काही तासांत सावरते. इसबाच्या कातडीचा पीएच आधीच चढलेला असतो, त्यावर सकाळ-संध्याकाळ साबण म्हणजे दिवसातून दोनदा टीएसएलपीचा नळ आपल्याच हाताने सोडणं.

म्हणून सुरुवात न्हाणीघरातून करा. साबण पूर्ण बंद, ‘बेबी’ आणि ग्लिसरीनवालाही. वेष्टनावर ‘ग्रेड १’, ‘टीएफएम ७६ टक्के’ असं असलं तरी फसू नका. टीएफएम म्हणजे साबणातल्या स्निग्धांशाचं प्रमाण, त्याने पीएच खाली येत नाही. त्याऐवजी सिंडेट म्हणजे साबणविरहित वडी किंवा क्लेन्झर घ्या, पीएच ५.५ च्या आसपासचा, वास नसलेला. तोही काखा, जांघा आणि पावलांपुरता. बाकी अंगाला नुसतं पाणी पुरतं. पाणी कोमट, आंघोळ ५ ते १० मिनिटांची. बादलीत जंतुनाशक द्रव ओतायची सवय अनेक घरांत असते, ती मोडा. जंतू फारसे हटत नाहीत आणि कातडी मात्र चिडते. डाळीचं पीठ, लिंबू, हळदीचा लेप, कडुनिंबाच्या पाल्याने घासणं, सगळं बाजूला. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला खोबरेल लावा, उटण्याने मात्र चट्टे घासू नका. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चोथा कातडीवर जास्त राहतो, म्हणून तशा भागात साबण सोडल्याचा फायदा अधिक चटकन दिसतो.

अंग टिपून घ्या, घासू नका, आणि ३ मिनिटांच्या आत ओलसर कातडीवर मॉइश्चरायझर लावा. इथे सगळ्यात मोठी चूक प्रमाणाची होते. सबंध अंगाला दिवसातून दोनदा लावायचं तर या वयाच्या मुलाला आठवड्याला साधारण २५० ग्रॅम लागतं. १०० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल तर ते लावलं जात नाही, नुसतं दाखवलं जातं. महागडं घ्यायची गरज नाही. लिक्विड पॅराफिन आणि व्हाइट सॉफ्ट पॅराफिन असलेलं साधं क्रीम किंवा बिनवासाची पेट्रोलियम जेली चांगली. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या थंडीत जेलीसारखं जाड मलम दोन्ही वेळा चालतं. मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत ते घाम अडवतं, घामोळं येतं आणि खाज उलट वाढते. तिथे दिवसा पातळ क्रीम, जेली रात्री आणि फक्त चट्ट्यांवर. खोबरेल तेल चालतं, मोहरीचं आणि ऑलिव्हचं नको, दोन्हींनी आवरण आणखी बिघडतं. युरिया असलेली क्रीम लहान मुलांना झोंबतात. डब्यात बोटं घालू नका, चमच्याने काढा. आणि पॅराफिन मुरलेले कपडे चटकन पेट घेतात: गॅसपासून, पणत्यांपासून, फटाक्यांपासून असं मूल लांब ठेवा.

मॉइश्चरायझर आवरण सांभाळतं. आधीच पेटलेला चट्टा त्याने विझत नाही. तो विझवायचा तर स्टेरॉइड क्रीम लागतं, आणि गंमत म्हणजे इथे पुन्हा हार्मोनच येतो. निरोगी त्वचा स्वतःपुरतं थोडं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड हार्मोन, बनवते आणि त्यावर दाह दाबून ठेवते. इसबात तेवढं पुरत नाही. त्यातून रक्तातलं कॉर्टिसॉल रात्री सर्वांत खाली असतं, अंथरुणात कातडीचं तापमान वाढतं, कातडीतून पाणी उडून जाण्याचा वेग रात्री जास्त असतो. दिवसा बरी दिसणारी मुलगी रात्री रक्त येईपर्यंत का खाजवते, याची ही कारणं आहेत. हट्ट किंवा सवय नव्हे.

स्टेरॉइड क्रीमच्या भीतीने पालक मुगाएवढं लावतात आणि मग ‘गुण आला नाही’ म्हणतात. माप असं: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली पट्टी म्हणजे जवळजवळ अर्धा ग्रॅम. तेवढी मोठ्या माणसाच्या दोन सबंध पंजांएवढ्या भागाला पुरते. तुमच्या मुलीची दोन्ही कोपरं आणि दोन्ही गुडघ्यांमागचा भाग मिळून तीन-चार पंजे होत असतील, तर एका वेळेला दीड ते दोन पट्ट्या, म्हणजे १५ ग्रॅमची ट्यूब १५ ते २० दिवस. कातडी चमकेल इतपत लावायचं, चोळून जिरवायचं नाही. मोमेटासोन ०.१ टक्के किंवा फ्लुटिकासोन ०.०५ टक्के दिवसातून एकदा, हे हातापायांसाठी. चेहऱ्याला सौम्य, हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का किंवा डेसोनाइड. कोणतं, ते तिची त्वचा पाहणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. स्टेरॉइड आणि मॉइश्चरायझर यांत १५-२० मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दोन्ही एकमेकांत मिसळून पसरतात.

किती दिवस? खाज थांबली म्हणून बंद करायचं नाही. डोळे मिटून बोट फिरवल्यावर चट्टा आणि शेजारची कातडी सारखीच मऊ लागली पाहिजे. याला बहुधा १ ते २ आठवडे लागतात. त्यानंतर ज्या जागा वारंवार पेटतात तिथे आठवड्यातून दोनच दिवस, समजा बुधवार-शनिवार, काही महिने चालू ठेवायचं. डोळ्यांना बऱ्या दिसणाऱ्या त्या जागी आत दाह शिल्लक असतो, त्यावर हा उपाय. तिसऱ्या दिवशी थांबवायचं, आठव्या दिवशी पुन्हा सुरू करायचं, असं करत वर्षभरात एकूण क्रीम जास्त वापरलं जातं.

दोन दिवसांवर आल्यावर स्टेरॉइडच्या जागी टॅक्रोलिमस चालतं. त्याने कातडी पातळ होत नाही, म्हणून पापण्या आणि मानेसाठी ते विशेष बरं. २ ते १५ वर्षांना ०.०३ टक्के, त्यापुढे ०.१ टक्के. पहिले काही दिवस लावल्यावर १०-२० मिनिटं भाजल्यासारखं होतं, कारण ते खाज-आग वाहणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांना आधी डिवचतं आणि मग त्यांच्यातला साठा संपवतं. पेटलेल्या चट्ट्यावर थेट ते लावलं की मूल किंचाळतं आणि ट्यूब कायमची फडताळात जाते. आधी चार-पाच दिवस स्टेरॉइडने चट्टा शांत करा, मग पूर्ण कोरड्या कातडीवर, फ्रिजमधून काढून गार असतानाच लावा. आठवडाभरात आग ओसरते.

खाजवण्याबद्दल. नखं लागली की दुखावलेल्या केराटिनोसाइट पुन्हा टीएसएलपी आणि इंटरल्यूकिन-३३ सोडतात. खाजवणं हे परिणाम आहे तसंच कारणही. २०२५ च्या जानेवारीत पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांत दाखवलं की खाजवण्यामुळे मज्जातंतूंतून सबस्टन्स-पी हा संदेशवाहक सुटतो, तो त्वचेतल्या मास्ट या ॲलर्जीच्या पेशींना चेतवतो आणि दाह वाढतो. पण मुलाला ‘खाजवू नको’ असं दिवसभर सांगून काही होत नाही, घरातलं वातावरण मात्र बिघडतं. नखं आठवड्यातून दोनदा कापा. खाज उठली की ओलं गार फडकं ५ ते १० मिनिटं दाबून धरा. थंडीने खाजेचे संदेश खरोखर मंदावतात. वाईट रात्रींसाठी ओले कपडे: औषध आणि भरपूर मॉइश्चरायझर लावून कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला सुती बनियन-पायजमा आतून, वरून कोरडा सुती जोड. दोन तास ते रात्रभर, सलग तीन ते पाच दिवस. या काळात स्टेरॉइड जास्त शोषलं जातं, म्हणून हे डॉक्टरांना सांगून करायचं आणि पू किंवा लस येत असताना अजिबात नाही.

एक इशारा, कारण यात लोक फसतात. कॅल्सिपोट्रिऑल हे सोरायसिसचं मलम, ड जीवनसत्त्वाचं एक रूप. ते केराटिनोसाइटना थेट टीएसएलपी बनवायला लावतं. प्रयोगशाळेत उंदराला इसबासारखा आजार द्यायचा असेल तर हेच त्याच्या कानाला लावतात. घरात कुणाला सोरायसिस असेल आणि ‘कातडीचंच तर औषध’ म्हणून त्याची ट्यूब मुलीला लावली तर खाज पेटेल. डॉक्टरांनी कमतरतेसाठी दिलेल्या ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा याच्याशी संबंध नाही, त्या चालू ठेवा.

मुळात हे इसबच आहे ना, हेही एकदा पाहून घ्या. घरात आणखी कुणाला रात्री खाज येते का, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुरळ आहे का? तर ती खरूज असू शकते. तिला ५ टक्के परमेथ्रिन घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावावं लागतं आणि आठवड्याने पुन्हा. कडा उठलेले, मधे निवळत जाणारे गोल चट्टे असतील तर नायटा. त्यावर स्टेरॉइड लावलं की खाज थांबते आणि नायटा आतून पसरत जातो. दुकानदार काउंटरवरून जी तीन औषधांची मिश्र क्रीम देतात, त्यांत बहुतेकदा क्लोबेटासोल हे अतिशय जोरदार स्टेरॉइड असतं, बरोबर बुरशीचं आणि जंतूंचं औषध. ती ना इसबाला योग्य, ना नायट्याला. महिन्याला एक स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊन ‘चांगलं’ राहणंही तसलंच: दोन आठवडे सुख आणि मग आधीपेक्षा वाईट.

खरे हार्मोन, म्हणजे पाळी, गरोदरपण, थायरॉइड, हे ७ वर्षांच्या मुलीला लागू नाहीत. मोठ्या बायकांना पाळीच्या आधीच्या आठवड्यात इसब वाढल्याचं जाणवतं, गरोदरपणात काहींना पहिल्यांदाच उठतं. थायरॉइडची तपासणी वजन, थकवा, केस गळणं अशी लक्षणं असतील तरच. टीएसएलपीची रक्तचाचणी दवाखान्याच्या व्यवहारात नाहीच, आणि आकडा कळला तरी उपचार बदलत नाही. रक्तात आयजीई हे ॲलर्जीचं प्रतिद्रव्य वाढलेलं दिसलं म्हणून दूध, अंडी बंद करू नका. वांगं आणि आंबट तोडूनही इसब जात नाही. ठरावीक पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी तासा-दोन तासांत गांधी, ओठांना सूज किंवा उलटी होत असेल तर त्या एका पदार्थाची गोष्ट वेगळी.

राहिला औषधाचा प्रश्न. टीएसएलपीला बांधणारं टेझेपेलुमॅब हे इंजेक्शन तीव्र दम्यासाठी अमेरिकेत २०२१ च्या डिसेंबरात मंजूर झालं. इसबावर त्याची चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली: १२ आठवड्यांनी आजार निम्म्यावर आलेले रुग्ण औषधाच्या गटात सुमारे ६५ टक्के, तर नुसत्या स्टेरॉइड क्रीमच्या गटात ४८ टक्के. फरक दिसतो, पण तो योगायोग नाही असं ठामपणे म्हणण्याइतका नव्हता. कारण ओळखू येण्यासारखं आहे. टीएसएलपी सुरुवात करून देतं. एकदा इंटरल्यूकिन ४ आणि १३ यांचं चक्र सुरू झालं की ते फिलॅग्रिन हे आवरणाचं प्रथिन कमी करतात, मज्जातंतूंना हळवं करतात आणि टीएसएलपी नसतानाही आजार चालू ठेवतात.

म्हणून आज उपयोगी पडणारी इंजेक्शनं त्या पुढच्या पायरीवरची आहेत. डुपिलुमॅब ४ आणि १३ या दोघांना अडवतं, भारतात मिळतं, आणि अमेरिकेत ६ महिन्यांच्या वयापासून मंजूर आहे. डोळे लाल होणं हा त्याचा नेहमीचा त्रास. किंमत हा त्याहून मोठा. नेमोलिझुमॅब इंटरल्यूकिन-३१ च्या रिसेप्टरवर चालतं, म्हणजे खाजेवरच नेम. जपानमध्ये ते २०२२ मध्ये आलं, अमेरिकेत इसबासाठी २०२४ च्या डिसेंबरात, १२ वर्षांपुढच्यांना. उपाडासिटिनिब, ॲब्रोसिटिनिब या जॅक-रोधक (इंटरल्यूकिनचा संदेश पेशीच्या आत अडवणाऱ्या) गोळ्यांनी खाज काही दिवसांतच उतरते. त्याही इसबासाठी १२ वर्षांपुढेच, आणि आपल्याकडे सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे व सुप्त क्षयाची तपासणी, नंतर रक्तपेशी, यकृत आणि कोलेस्टेरॉलवर लक्ष, हे टाळता येत नाही.

तुमच्या मुलीचे चट्टे चार जागांपुरते असतील तर यांतल्या कशाचीही गरज आज दिसत नाही. साबण बंद, आठवड्याला २५० ग्रॅम मॉइश्चरायझर, मापाने स्टेरॉइड आणि मग आठवड्यातून दोनदा, एवढं ६ ते ८ आठवडे नेमाने करा. तरीही आठवड्यातून तीन-चार रात्री झोप मोडत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पुढच्या उपचारांचं बोला. जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्याही, सोबत न्या. मधाच्या रंगाच्या खपल्या धरल्या तर एक-दोन दिवसांत दाखवा. एकसारख्या आकाराचे, मधे खोलगट फोड अचानक उठले, दुखू लागले आणि ताप आला तर तो नागिणीच्या जातीतल्या हर्पीस विषाणूचा संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि तोवर त्या जागी स्टेरॉइड किंवा टॅक्रोलिमस लावू नका.